नागपूर की सागर?

सौंसर-पांढुर्णा भागातल्या एखाद्या शिकलेल्या घरातली जुनी लोखंडी पेटी उघडली, तर पणजोबापासून पणतूपर्यंतच्या प्रमाणपत्रांवर निरनिराळ्या विद्यापीठांचे शिक्के सापडायला हरकत नाही. घर तेच, शेत तेच, विद्यापीठ मात्र पिढीगणिक निराळे. नागपूरची पहिली महाविद्यालये आधी कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली होती. १९०४ च्या सुमारास ती अलाहाबादकडे गेली. १९२३ साली नागपूरला स्वतःचे विद्यापीठ झाले. पुढे आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला सागर आले, मग जबलपूर, आणि २०१९ पासून छिंदवाडा. सव्वाशे वर्षांत सहा विद्यापीठे! काशी-प्रयाग करणाऱ्या यात्रेकरूलाही इतकी स्थळे घडत नसतील.

ही सहाही विद्यापीठे आम्हाला सरकारी कागदाने नेमून दिली. आमच्या माणसांनी स्वतः निवड केली ती या कागदाला वळसा घालून. ती निवड कशी झाली, कशासाठी झाली आणि तिच्यात अभ्यासाचा वाटा किती अन् सोबतीचा किती, याचा थोडा मागोवा या लेखात घ्यायचा आहे. दर वर्षी बारावीचा निकाल लागला की बोरगावच्या आसपासचे पालक शाळेत येतात आणि एकच प्रश्न विचारतात : "गुरुजी, पोट्ट्याले नागपूरले टाकू का छिंदवाड्याले? तिकडं बिघडन त नाई?" या प्रश्नात विद्यापीठाच्या इतिहासाची दोन्ही अंगे आली. शिक्षण कुठले, आणि संगत कोणाची.

सुरुवात नागपूरपासून करू, कारण आमच्या भागाचा ओढा पहिल्यापासून तिकडेच. हा मुलूख भोसल्यांच्या राज्यातला. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने नागपुरात शाळा काढली ती भोसल्यांच्याच काळात. तिच्यातून पुढे १८८३ साली हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले. मध्य प्रांतात पदवी घ्यायची तर नागपूर किंवा जबलपूर याखेरीज फारसा मार्ग नव्हता. आणि सौंसरच्या मराठी मुलाला जबलपूर कशाला आठवणार? बाजार नागपूरला, कोर्टकचेरी नागपूरला, सोयरिक नागपूर-काटोल-सावनेरकडे. छिंदवाड्याहून नागपूरला जाणारी छोटी लाइन रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, सावनेर करीत इतवारीला पोहोचायची. २०१५ अखेर मोठ्या लाइनीच्या कामासाठी ती बंद होईपर्यंत या गाडीने संत्र्याच्या पेट्यांबरोबर किती पिढ्यांचे विद्यार्थी वाहिले, याची नोंद रेल्वेच्या दप्तरात मिळणार नाही. पांढुर्ण्याची मंडळी त्या मानाने भाग्यवान, त्यांना इटारसी-नागपूर ही मोठी लाइन आधीपासून होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. त्या वेळी सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढाच या विद्यापीठाचा संसार होता. आज तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयात याहून जास्त मुले असतात. परंतु संख्या लहान असण्याचा एक फायदा होता. साऱ्या प्रांताचा शिकणारा तरुण एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होता. वऱ्हाडातला मराठी मुलगा, जबलपूरकडचा हिंदी मुलगा, नागपुरात स्थायिक झालेला बंगाली वकिलाचा मुलगा हे एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी. त्याच वर्षी जानेवारीत अमरावतीला विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला आणि पुढे त्याचेही ठाणे नागपुरात आले. विद्यापीठाच्या भिंतीबाहेर मराठी मुलाला जी दुसरी शाळा लागते, व्याख्याने, नाटके, कविसंमेलने, वाचनालये, ती नागपुरात अशी सिद्ध होत होती.

या नव्या विद्यापीठाच्या पहिल्या काही पदवीधरांत एक नाव मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीचे आहे. अमरावतीच्या कुसुम जयवंत, म्हणजे पुढच्या कुसुमावती देशपांडे. शाळा पुण्याच्या हुजूरपागेत, नंतर फर्ग्युसन कॉलेज, आणि बी.ए. मात्र १९२६ साली नागपूर विद्यापीठाची. त्यानंतर लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजमधून त्यांनी इंग्रजी साहित्याची पदवी घेतली आणि परत येऊन नागपुरातच इंग्रजीचे अध्यापन केले. पुण्यात असतानाच त्यांचा आणि आत्माराम रावजी देशपांडे यांचा, म्हणजे कवी अनिलांचा, परिचय झाला होता. १९२२ ते १९२७ या काळात दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे 'कुसुमानिल' या नावाने पुढे १९७२ साली प्रसिद्ध झाली. मुलगा-मुलगी महाविद्यालयात एकमेकांशी बोलली की पालकांच्या पोटात गोळा येतो, तो आजचाच नव्हे. पण विद्यार्थिदशेतल्या या परिचयाने ना तिचा अभ्यास बुडाला, ना त्याचा. १९६१ साली मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री निवडली गेली ती कुसुमावतीच. आणि ते संमेलन भरले होते ग्वाल्हेरला, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशात. आमच्या मराठी घरांतून हा योग फारसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवला.

मात्र सोबतीने अभ्यास मोडला, नव्हे शिक्षणच मोडले, असाही एक प्रसंग नागपूर विद्यापीठाच्या इतिहासात आहे. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुले त्यात आमच्याकडची नव्हती, निजामाच्या राज्यातली होती. पण परक्या राज्यातल्या मुलाला दुसऱ्या विद्यापीठाने दार उघडायचे की नाही, हा आमचा आजचा प्रश्न त्या वेळी पहिल्यांदा ठळकपणे उभा राहिला.

हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून चालू झाले. संपूर्ण उच्च शिक्षण उर्दूतून देणारे ते विद्यापीठ. देशी भाषेत विज्ञान आणि कायदा शिकवता येतो हे त्याने दाखवून दिले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. पण संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. मराठवाड्यातल्या मुलाची घरची भाषा एक आणि वर्गाची दुसरी. आपल्या भागातल्या वाचकाला ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

१९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि पाठोपाठ हैदराबादेत ठिणगी पडली. ती वर्गात पडली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वसतिगृहात संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मुले 'वंदे मातरम्' म्हणत. अधिकाऱ्यांनी त्याला मनाई केली. मुलांनी ऐकले नाही, संप झाला, आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे कमी करण्यात आली. एका संध्याकाळच्या गाण्यापायी वर्ष गेले, शिष्यवृत्ती गेली, काहींच्या घरचा आधारही गेला. आजच्या भाषेत बोलायचे तर अभ्यास आणि विद्यार्थीजीवन यांतला तोल साफ ढळला. पण त्या मुलांच्या जागी उभे राहून पाहिले तर त्यांनी काय करायला हवे होते, हे सांगणे सोपे नाही. मी वीसेक वर्षे नववी-दहावीला इतिहास शिकवताना हा प्रश्न वर्गाला घालीत आलो. एकमत कधी झाले नाही.

नावे कमी झालेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. टी. जे. केदार तेव्हा कुलगुरू होते. संस्थानी सरकारने हाकललेली मुले ब्रिटिश मुलखातल्या विद्यापीठाने पदरात घ्यायची, ही लहान गोष्ट नव्हती. या मुलांना नागपुरात इंग्रजीतून शिकावे लागले, खोल्या शोधाव्या लागल्या, खानावळी लावाव्या लागल्या. त्यांच्यात तेलंगणातल्या वंगारा गावचा एक तरुण होता. पुढे तो पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गेला, आणि कायद्याच्या पदवीसाठी पुन्हा नागपूरला आला. पी. व्ही. नरसिंह राव हे त्याचे नाव. १९९१ ते १९९६ या काळात ते देशाचे पंतप्रधान होते. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. मराठी ते कोणत्या अभ्यासक्रमात शिकले, असे विचारले तर उत्तर देता येणार नाही. अशी भाषा खोलीवर, मेसच्या पंगतीत आणि चहाच्या टपरीवर अंगवळणी पडते. तिची गुणपत्रिका मिळत नाही.

आता सागरकडे वळू. तिथली कथाही नागपूरशीच बांधलेली आहे. डॉ. हरिसिंग गौर यांचा जन्म १८७० साली सागरला झाला. त्यांच्या लहानपणी सागरात महाविद्यालयीन शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून त्यांना बाहेर जावे लागले, आणि त्यात नागपूरचे हिस्लॉप कॉलेज हा एक टप्पा होता. तिथून केंब्रिज. वकिलीत त्यांनी अमाप पैसा मिळवला. १९२२ साली दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले, पुढे नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू होते. आणि उतारवयात स्वतःच्या कमाईतून त्यांनी १८ जुलै १९४६ रोजी सागर विद्यापीठ उभे केले. लष्कराने रिकाम्या केलेल्या मकरोनियाच्या बराकींत पहिले वर्ग भरले. शिकण्यासाठी आपल्याला घर सोडावे लागले, ते आपल्या गावच्या मुलांना सोडावे लागू नये, ही त्यामागची इच्छा. एकट्या माणसाने स्वतःच्या कमाईतून विद्यापीठ उभारावे, असे दुसरे उदाहरण आपल्या देशात शोधावेच लागेल. सागरच्या मुलांचे पांग या माणसाने फेडले.

आमचे मात्र त्यामुळे उलटेच झाले, आणि यात गौरसाहेबांचा काही दोष नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. स्वातंत्र्याच्या आगेमागे नागपूर विद्यापीठाने या दोन्ही भाषा शिक्षणाची माध्यमे म्हणूनही स्वीकारल्या होत्या. म्हणजे दोन भाषांच्या आमच्यासारख्या मुलखाला साजेशी व्यवस्था तयार होत आली होती. एका रात्रीत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. सौंसर तहसील जिल्ह्याबरोबर इकडेच राहिली. नागपूर बोरगावपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, तिथेच होते. पण कागदावर ते परराज्य झाले. आणि त्याच्या चार-पाच पट लांबचे सागर हे आमचे विद्यापीठ ठरले.

१९६१ साली छिंदवाड्यात सरकारी महाविद्यालय निघाले. पुढे सौंसर-पांढुर्ण्यातही महाविद्यालये आली. घरची भाकरी खाऊन पदवी घेता येऊ लागली, मुलींना तर त्याचा मोठाच लाभ झाला. ज्या घरातून मुलगी छोट्या लाइनीत एकटी कधी बसवली गेली नसती, त्या घरातल्या मुली बी.ए. झाल्या. सागरचा शिक्का असलेली ही पदवी कमी प्रतीची होती असे मी मुळीच म्हणणार नाही. माझी स्वतःची बी.ए. त्याच शिक्क्याची आहे. परंतु आमच्यातल्या बहुतेकांनी सागर शहर कधी डोळ्यांनी पाहिले नाही. अर्ज डाकेने जाई, प्रवेशपत्र डाकेने येई, निकाल वर्तमानपत्रात लागे. बरीच मुले तर 'स्वाध्यायी', म्हणजे प्रायव्हेट परीक्षार्थी. मार्चपुरती पुस्तके हातात घ्यायची आणि बाकीचे वर्ष शेतात. त्यात अभ्यास होता, पण विद्यार्थीजीवन नावालाही नव्हते. वादविवाद नाही, स्नेहसंमेलन नाही, आपल्याहून हुशार मुलाशी गाठ नाही. तोल बिघडतो तो नेहमी मौजमजेकडे झुकूनच बिघडतो, असे पालक धरून चालतात. या दुसऱ्या बाजूकडे त्यांचे लक्ष जात नाही.

म्हणून मग ज्याला थोडीफार ऐपत होती, तो नागपूर धरी. मीही एम.ए. साठी धरले. परराज्यातला विद्यार्थी म्हटल्यावर मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रता प्रमाणपत्र, मूळ गुणपत्रिका असे सोपस्कार आले. एका महाविद्यालयाच्या खिडकीवरच्या बाबूने माझा अर्ज तीनदा परत केला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "तुम्ही एम.पी. वाले, तुम्हाला इथं मराठी जमेल का?" मी घरापासून तिथवर मराठीतच बोलत आलो होतो. छिंदवाड्याला गेलो की "आप लोग तो महाराष्ट्र वाले हैं" हे ऐकायचे आणि नागपुरात हे! सीमेवरच्या वाचकांपैकी ज्याने दोन्ही वाक्ये ऐकली नसतील असा विरळा.

नागपुरात खोलीवर आम्ही तिघे होतो. मेसचे जेवण, सीताबर्डीवर सेकंडहँड पुस्तके, संध्याकाळी व्याख्यान असले तर व्याख्यान, नसले तर अंबाझरीपर्यंत पायी. ग्रेस तेव्हा नागपुरातच मराठीचे प्राध्यापक होते, महेश एलकुंचवार इंग्रजी शिकवीत. त्यांचे विद्यार्थी नसलेली मुलेसुद्धा त्यांची नावे घेऊन वाद घालीत. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत यातले काही येत नव्हते. पण इतिहासाचे पुस्तक उघडून एकट्याने वाचणे आणि दुपारी वाचलेल्याला रात्री खोलीवर दुसऱ्याने खोडून काढणे, यांत फरक आहे. पैकी दुसऱ्या प्रकाराने जे शिकलो ते आजही वर्गात उपयोगी पडते. एक खरे, आमच्यातला तिसरा गडी वर्षभर सिनेमे आणि निवडणुका यांतच रमला आणि दुसऱ्या वर्षी गावी परतला. संत्र्याची बाग होती, म्हणून निभावले.

खोली मिळणे हेही सर्वांना सारखे सोपे नव्हते, हे येथे सांगितलेच पाहिजे. घरमालक आधी नाव विचारत आणि मग आडनाव. विद्यार्थीजीवनाच्या गप्पा मारताना आपण हे विसरतो की ज्याला डोके टेकायला जागा नाही त्याला वादविवाद मंडळाचा काय उपयोग. नागपूरचे चोखामेळा वसतिगृह, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांनी उभारलेले श्रद्धानंद छात्रालय यांसारख्या संस्थांनी दलित आणि शेतकरी मुलांसाठी जे केले, ते विद्यापीठाने केलेल्या कामाहून कमी मानता येणार नाही. अशा वसतिगृहांतल्या सोबतीतून नुसत्या पदव्या निघाल्या नाहीत, चळवळी निघाल्या.

निवडणुकांचा उल्लेख वर आला, म्हणून त्याबद्दल थोडे. विद्यार्थी संघाच्या निवडणुका हे एके काळी महाविद्यालयीन जीवनाचे मोठे आकर्षण होते. महाराष्ट्रात १९९० नंतरच्या दशकात खुल्या निवडणुका बंद झाल्या. मध्य प्रदेशात २६ ऑगस्ट २००६ रोजी उज्जैनच्या माधव महाविद्यालयात निवडणुकीवरून झालेल्या गोंधळात प्रा. एच. एस. सभरवाल यांचा मृत्यू झाला आणि सारा देश हादरला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लिंगदोह समितीच्या शिफारशी लागू केल्या. आमच्याकडच्या पालकांच्या मनातली भीती अशा बातम्यांतून आलेली आहे. ती निराधार नाही. पण त्या भीतीपोटी मुलाला रोज बोरगावहून नागपूरला अप-डाऊन करायला लावणे हा उपाय मला पटत नाही. जाताना दोन तास, येताना दोन तास. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर आठशे तास बसमध्ये गेले. एवढ्या वेळात पदवीच्या एखाद्या विषयाचा अभ्यास नीट होतो. हा मुलगा शहरात जातो पण शहर त्याला भेटत नाही, आणि गावी परततो तो झोपण्यापुरता. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. जायचे तर तिथे राहायला जावे, नाहीतर छिंदवाड्याचे किंवा सौंसरचे महाविद्यालय घ्यावे आणि वाचलेला वेळ वाचनालयात घालवावा, असे मी पालकांना सांगतो.

आता छिंदवाडा काही पूर्वीचे राहिलेले नाही. २०१९ साली तिथे विद्यापीठ झाले, त्याला आता राजा शंकर शाह यांचे नाव आहे. १८५७ च्या उठावात जबलपूरला तोफेच्या तोंडी दिले गेलेले हे गोंड राजे. त्याच वर्षी वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. मराठी आणि गोंडी या दोन्ही भाषा ज्या विद्यापीठाच्या अंगणात बोलल्या जातात, त्याने या दोहोंकडे कसे पाहिले हे पुढच्या पिढीला दिसेल. इकडे बोरगावला औद्योगिक क्षेत्र झाले, रेमंडसारखा कारखाना आला, आणि शिकलेल्या मुलाला घराजवळ नोकरी मिळण्याची थोडी शक्यता निर्माण झाली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. जिल्हाही बदलला, आता विद्यापीठ पुन्हा बदलले तर आम्हाला नवल वाटणार नाही.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा त्या त्या राज्याच्या मुलांना, उरलेल्या १५ टक्के देशभरासाठी. आमच्या मुलाला मध्य प्रदेशाच्या ८५ टक्क्यांत हक्क आहे, हे चांगलेच. मध्य प्रदेशाने २०२२ पासून वैद्यकीचे शिक्षण हिंदीतून देण्याचीही सुरुवात केली आहे. पण साठ किलोमीटरवरच्या नागपूरच्या सरकारी महाविद्यालयात तो राज्याबाहेरचा. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत मात्र एक वर्ग असा आहे की ज्यात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त भागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राचे म्हणून धरले जाते. बेळगाव-निपाणीकडच्या मुलांना तो आधार मिळतो आणि मिळायलाच हवा. त्यासाठी त्यांनी फार सोसले आहे. आमचा भाग त्या यादीत नाही, कारण आमचा वाद नाही. १९५६ साली आम्ही गपगुमान इकडे राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात एका पालकाला मी हे नियम समजावून सांगत होतो. शेतकरी माणूस, स्वतः आठवीपर्यंत शिकलेला. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे गुरुजी, आपण भांडलो नाई म्हणून आपल्याले जागा नाई?" मी त्याला अभियांत्रिकी आणि बी.एस्सी. यांतला फरक सांगितला, बी.एस्सी. साठी परराज्यातल्या मुलाला नागपुरात मज्जाव नाही हे सांगितले, मायग्रेशनचा अर्ज कुठे करायचा ते एका कागदावर लिहून दिले. त्याच कागदाच्या मागे धरमपेठेतल्या एका मेसचा पत्ता लिहिला. तिथे रविवारी रात्रीचे जेवण नसते, हेही सांगून ठेवले.